उन्हाळ्यात देशी, बियर आणि अंगातलं पाणी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मोठे भाऊ, वय ४६, यवतमाळकडे शेती. बीपीची गोळी चालू आहे. रोज रात्री देशीची एक क्वार्टर. सध्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उपटून, वखरण करून शेत तयार करायचं काम चालू आहे आणि गेल्या आठवड्यात धुऱ्यावरच चक्कर येऊन बसले. गावात कुणीतरी सांगितलं की देशी गरम पडते, उन्हाळाभर बियर घ्या, बियर थंड असते आणि अंगात पाणीही राहतं. भाऊ लगेच तयार झाले (होणारच). तुम्ही विचारता : दारूनं पाणी खरंच आटतं का, बियरनं ते भरून निघतं का, दारूसोबत किती पाणी प्यावं, आणि सकाळी एखादी सलाईन लावून घेतली तर काही बिघडतं का.

मी चंद्रपूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. त्याआधी ग्रामीण रुग्णालयात होतो. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे असे भाऊ रोज येतात, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. दारू सोडा असं सांगणारे तुमच्या घरात पुष्कळ असतील. ते मी इथं पुन्हा सांगत बसत नाही. पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तुम्ही दारूनं किती पाणी जातं ते विचारताय आणि मला काळजी चक्करेची आहे. चक्कर आली ती एकट्या दारूनं नाही, एकट्या उन्हानंही नाही. रात्रीची क्वार्टर, सकाळचं रिकामं पोट, ऊन आणि बीपीची गोळी, या चौघांनी मिळून ती आणली असावी. म्हणून पाण्याचा हिशेब आधी करू, पण तिथंच थांबू नका.

आता दारूनं लघवी का वाढते ते पाहू. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी आहे. ती व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडते आणि ते मूत्रपिंडांना सांगत राहतं की पाणी वाया घालवू नका, परत रक्तात ओढा. दारू रक्तात चढायला लागली की हे संप्रेरक सुटणंच कमी होतं. ओलीत करताना दांडावर पाणी वळवणारा माणूस झोपी जावा आणि पाणी पिकाऐवजी नाल्याला लागावं, तसं होतं. विहिरीत पाणी आहे, मोटरही चालू आहे, पण वळवणारा जागेवर नाही. हा परिणाम दारू चढत असताना, म्हणजे पहिल्या एक-दोन तासांत, सगळ्यात जास्त असतो. चढणं थांबलं की तो ओसरतो आणि पुढं रात्री शरीर उलट पाणी धरून ठेवायला लागतं. म्हणून बैठकीत पहिल्या तासाभरात माणूस चार वेळा उठतो आणि मग रात्रभर उठत नाही.

किती पाणी जातं याचा जुना अंदाज आहे. १९४२ साली इंग्लंडमध्ये ग्रेस एगल्टन यांनी माणसांना दारू पाजून लघवी मोजली. दर ग्रॅम अल्कोहोलमागे नेहमीपेक्षा साधारण १० मिली लघवी जास्त, असा हिशेब त्या कामातून पुढं रूढ झाला. आपण तोच घेऊन तुमच्या भावाची क्वार्टर मोजू. आपल्याकडच्या देशीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीमध्ये ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ६१ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सहाशे मिली जास्तीची लघवी. क्वार्टरमध्ये स्वतःचं पाणी जेमतेम शंभर मिली. म्हणजे कोरी मारली तर अर्धा लिटर तूट. अर्धा लिटर पाणी सोबत गेलं, तर हिशेब जवळपास बरोबरीत येतो. नाइंटी घेणाऱ्यानं याचं निम्मं धरावं. विदेशीचा ६० मिलीचा पेग म्हणजे २० ग्रॅम, त्यामागे २०० मिली, ग्लासभर. तुम्ही ऐकलेला ‘पेगामागे एक ग्लास पाणी’ हा नियम म्हणूनच फार चुकीचा नाही.

आता बियर. ६५० मिलीची बाटली, पाच टक्क्यांची असेल तर त्यात साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल. जास्तीची लघवी पाव लिटर, पण बाटलीतच सहाशे मिलीच्या वर पाणी आहे. म्हणजे पाणी शिल्लक राहतं. आपल्याकडे खेड्यात मात्र साधी बियर कोण पितो? आठ टक्क्यांची स्ट्राँग चालते. त्यात ४० ग्रॅम, म्हणजे चारशे मिली लघवी वाढली आणि हाती दोनशे उरले. तरीही तूट नाही. तेव्हा गावातल्या त्या माणसाचं म्हणणं निम्मं खरं आहे. क्वार्टरच्या मानानं बियर पाण्याचं नुकसान कमी करते. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात लोकांना निरनिराळी पेयं लिटर-लिटर पाजली आणि चार तास लघवी मोजली, त्यात साधी लागर बियर पाण्याच्या आसपासच निघाली. दूध आणि ओआरएस (मीठ-साखरेचं पाणी) पाण्यापेक्षा जास्त टिकले, हेही त्यात दिसलं.

पण ती माणसं सावलीत खुर्चीवर बसलेली होती, तुमचे भाऊ दिवसभर घाम गाळून येतात. त्या अवस्थेसाठी वेगळा प्रयोग आहे, १९९७ चा. व्यायाम करवून लोकांचा घाम काढला आणि मग कमीजास्त अल्कोहोल घातलेलं पेय दिलं. एक-दोन टक्क्यांपर्यंत विशेष फरक पडला नाही. चार टक्क्यांना लघवी वाढताना दिसली आणि रक्तातला द्रव भरून यायला जास्त वेळ लागला. आठ टक्क्यांची स्ट्राँग त्याच्याही पुढची. संध्याकाळी शेतातून आल्याआल्या तहान भागवायला बियर उघडणं म्हणजे दुरुस्तीचं काम लांबणीवर टाकणं.

हे सगळे आकडे तुमच्या भावाला जसेच्या तसे लागू पडतील असं धरू नका. प्रयोगातली माणसं पोटभर पाणी पिऊन बसलेली असतात. अंग आधीच कोरडं असेल तर मूत्रपिंडं दारूचंही पुरतं ऐकत नाहीत आणि लघवी तेवढी वाढत नाही. जेवण झालं आहे की नाही, क्वार्टर पंधरा मिनिटांत संपली की दोन तासांत, सवय किती वर्षांची, या सगळ्यानं फरक पडतो. उपाशीपोटी आणि घाईनं घेतलेली जास्त चढते आणि जास्त मुतवते. मोहाच्या दारूचा तर हिशेबच करता येत नाही, कारण तिची ताकद भट्टीगणिक बदलते आणि पहिल्या धारेची शेवटच्या धारेशी तुलना होत नाही.

एक छोटी सूचना इथंच. लघवीचा रंग पाहून पाणी पुरतं की नाही ते ओळखा, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. पिवळीगर्द असेल तर पाणी कमी, फिकट असेल तर ठीक. पण दारू पिताना ही खूण फसवी असते. तेव्हा लघवी पाण्यासारखी पांढरी येते आणि माणसाला वाटतं आपलं मस्त चाललंय. खरं तर तेच पाणी अंगातून निघून चाललेलं असतं. रंग पाहायचाच तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी पाहा. दुपारपर्यंत लघवीच झाली नाही, असं उन्हाळ्यात शेतावरचा माणूस सांगतो तेव्हा मी पेन बाजूला ठेवून त्याच्याकडं नीट पाहतो.

‘थंड’ आणि ‘गरम’ यांच्याबद्दल. बियर थंड असते कारण ती फ्रिजमधून निघते. दारू कुठलीही असो, ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करते. म्हणून अंग तापल्यासारखं वाटतं, कान लाल होतात. हिवाळ्यात यानं उष्णता बाहेर जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं असतो, हवा अंगापेक्षा गरम असते. अशा वेळी रुंद झालेल्या वाहिन्यांतलं रक्त बाहेरची उष्णताच आत आणतं आणि अंग थंड करायला फक्त घाम उरतो. घामाला पाणी लागतं. बियर आणि देशी यांच्यात या बाबतीत मी फरक करत नाही.

कुणीतरी विचारेलच म्हणून मुतखड्याचंही सांगून टाकतो, कारण आमच्या भागात बियरचं निम्मं दुकान त्याच नावावर चालतं. ‘डॉक्टरनंच सांगतली’ असं म्हणून लोक पितात. लघवी वाढते हे खरं, पण बारीक खडा पडायचा असेल तर तो साध्या पाण्यानंही पडतो आणि मोठा अडकला असेल तर मागून लोट वाढवून कळाच वाढतात. बियरमुळे युरिक ॲसिड वाढतं, ते वेगळंच. खडेवाल्यानं दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी चार-पाच लिटर पाणी पोटात जावं लागतं, आणि तेवढी बियर कुणाच्या खिशाला परवडत नाही हेच बरं.

आतापर्यंतचा सार असा की क्वार्टरनं अर्ध्या लिटरच्या आसपास तूट येते, सोबत तेवढं पाणी पिलं तर ती भरते, आणि बियरनं तूट येत नसली तरी घाम गाळून आल्यावर पाणी भरण्याचं काम तिच्याकडून होत नाही. मग एवढ्याशा अर्ध्या लिटरची काळजी कशाला? उन्हात जड काम करणाऱ्याचा घाम तासाला लिटरभर जाऊ शकतो. त्याच्यापुढं दारूची लघवी किरकोळच. शिवाय दारूच्या लघवीत मुख्यतः पाणी जातं, घामात मीठही जातं. रात्रीची तूट साध्या पाण्यानं निघते, दिवसाची नुसत्या पाण्यानं निघत नाही. पाणी ढसाढसा पिऊनही पोटऱ्यांत गोळे येतात, ते बरेचदा यामुळेच.

पण दारूचा खरा तडाखा लघवीच्या हिशेबात दिसतच नाही. रात्री नऊला क्वार्टर संपली असं धरा. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल जाळतं, ते घाई करत नाही. ६१ ग्रॅम जळायला सहा ते नऊ तास. म्हणजे पहाटे चार-पाचपर्यंत दारू अंगात आहे, आणि उन्हाळ्यात आपली माणसं पाचलाच शेतात जातात. झोप लागली तरी ती पुरती झालेली नसते. रात्री जेवण अर्धवट, सोबत खारे शेंगदाणे नि फुटाणे. सकाळी मळमळ, म्हणून न्याहारी नाही, चहावर निघाले. तोंड कोरडं म्हणून खर्रा (तंबाखू-सुपारीचा). एकदा खर्रा तोंडात गेला की तहान मेली, तासन्‌तास पाण्याची आठवण नाही. आठ वाजता ऊन तापतं तेव्हा हा माणूस आधीच मागे पडलेला असतो. तुमच्या भावाची चक्कर कितीच्या सुमारास आली ते तुम्ही लिहिलं नाही. मी अंदाज करतो, नऊ-दहाच्या दरम्यान, आणि वाकलेला माणूस उभा राहताना.

दिवसा पिणाऱ्याचं आणखी वेगळं. आमच्याकडे लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची. दुपारची वरात, पुढं डीजे, पोरं दीड-दोन तास डांबरावर नाचणार आणि मधूनमधून मॅटाडोरच्या मागे जाऊन घोट मारणार. अशा एका वरातीतला पंचविशीचा मुलगा आमच्याकडे आणला होता. आणणाऱ्यांनी सांगितलं, ‘जास्त झाली साहेब, बाकी काई नाई.’ तो पडल्यावर त्यांनी त्याला मंडपामागे जनरेटरच्या बाजूला निजवला होता, सावली तिथंच होती म्हणून. उतरावी म्हणून तोंडात लिंबू पिळलं होतं, ओठांवर बिया चिकटलेल्या होत्या. नवा सफारी अंगात, वरपर्यंत बटणं लावलेली. तोंडाला दारूचा भपका येत होता, त्यामुळं कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. काखेत हात घातला तर हात ठेववत नव्हता. थर्मामीटर १०६ दाखवत होता. सफारी कात्रीनं कापला, ओल्या चादरी, पंखा, बर्फ, आणि चंद्रपूरला पाठवला. तो वाचला. त्याच्या चुलत्यांना मी विचारलं, किती वेळ झाला होता? म्हणाले, जेवणाची पंगत उठेपर्यंत वाट पाहिली.

उन्हाळ्यात दारूचा सगळ्यात मोठा धोका मी हा मानतो. वास येतो म्हणून सगळे म्हणतात पिऊन पडला, झोपू द्या, उतरेल. उष्माघातातही माणूस बरळतो, झोकांड्या खातो, पडतो. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. म्हणून उन्हात किंवा उन्हातून आल्यावर पडलेल्या पिणाऱ्याच्या काखेत किंवा छातीवर हात लावून पाहायचाच. अंग भट्टीसारखं असेल आणि माणूस नीट बोलत नसेल, तर तो उष्माघात धरायचा. घाम असला तरी धरायचा. उष्माघातात अंग कोरडंच असतं असं नाही, कष्ट करताना झालेल्यात घाम असू शकतो. कपडे काढा, साधं पाणी ओता, पंखा लावा, काखेत-जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. थंड करायला सुरुवात आधी, गाडीची वाट नंतर. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी, लिंबू, ताक काहीही घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवून ठेवा. तापाची गोळी इथं उपयोगाची नाही, हा ताप त्या जातीचा नसतो. उन्हाळ्यात सरकारी रुग्णालयांत उष्माघातासाठी वेगळा कक्ष असतो, तिथं न्या.

अंग गार असेल, पण माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास थांबून थांबून येत असेल किंवा घशात घरघर असेल, तर तेही झोपू देण्यासारखं नाही. ती दारूची विषबाधा असू शकते किंवा साखर उतरलेली असू शकते. उपाशीपोटी प्यायलेल्यांची साखर उतरते, आणि मधुमेहाची गोळी चालू असेल तर विचारूच नका.

हातभट्टीबद्दल दोन वाक्यं. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. वर्धा १९७४ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून बंद आहे. बाटलीवर टक्के लिहिलेली दारू जिथं मिळत नाही तिथं लोक काय आणि किती ताकदीचं पितात ते कुणालाच माहीत नसतं. प्यायल्यावर बारा-चोवीस तासांनी नजर धुरकट झाली, पोटात कळा आल्या, श्वास जोरात चालू लागला, तर ऊन लागलं म्हणून पन्हं पाजत बसू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं. तेव्हा सरळ मोठं रुग्णालय गाठा.

आता सलाईन. तुमच्या प्रश्नातलं हे मला सगळ्यात ओळखीचं. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ओट्यावर एक जण बसलेलाच असतो : ‘साहेब, एक पिवळी सलाईन लावून द्या, कालची उतरून जाईन.’ पिवळी म्हणजे व्हिटॅमिनचं इंजेक्शन घातलेली. उतरत नाही. सलाईननं यकृताचा वेग वाढत नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्धा लिटर पाणी, साडेचार ग्रॅम मीठ आणि ग्लुकोजवाली असेल तर २५ ग्रॅम साखर असते. माणूस पिऊ शकत असेल तर हेच तोंडानं जातं, आणि तेही स्वस्तात. बरं वाटतं त्याचं मोठं कारण म्हणजे तो दोन तास पंख्याखाली आडवा पडतो. तुमच्या भावाला बीपी आहे. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असं त्यांना सांगितलं जातं, आणि इथं साडेचार एका बाटलीत शिरेतून गेलं. रोज पिणाऱ्या आणि नीट न जेवणाऱ्याला आणखी एक धोका असतो. त्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-वन कमी असतं. अशा वेळी ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे कंपाउंडरकडून घरी बाटली लावून घेणं बंद. उलट्या थांबतच नसतील, लघवी नसेल, शुद्ध कमी असेल, तर सलाईन लागते आणि ती रुग्णालयात लागते.

सकाळची डोकेदुखी ही फक्त पाण्याच्या तुटीची असते, हा समजही सोडा. दारू जळताना तयार होणारे घटक, पोटाच्या अस्तराचा दाह, मोडलेली झोप आणि घटलेली साखर या सगळ्यांचा तो एकत्र परिणाम असतो. पाणी पिलं की तोंड ओलं होतं, चक्कर कमी होते, डोकं मात्र दुखतच राहतं. मग लोक अंगदुखीची गोळी खातात. उन्हाळ्यात मला ती गोळी दारूइतकीच भीती घालते. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या गोळ्या कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडांवर वाईट परिणाम करतात आणि दारूनं सोललेल्या पोटावरही. वखरणीच्या दिवसांत मेडिकलमधून दोन-दोन गोळ्यांच्या पुड्या बांधून नेणारे लोक पाहिले की मी हटकतो. रोज पिणाऱ्यानं पॅरासिटामॉलही मनानं आणि भरमसाट घेऊ नये.

बीपीच्या गोळीकडे येतो. काही गोळ्या लघवी वाढवूनच बीपी उतरवतात. बऱ्याच जोडगोळ्यांत हा भाग आत मिसळलेला असतो आणि खाणाऱ्याला पत्ता नसतो. अशी गोळी सकाळी, रात्रीची तूट भरलेली नाही, पोट रिकामं, वरून ऊन, आणि दारूमुळे रक्तवाहिन्या सैल पडलेल्या. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधार. गोळी मनानं बंद करू नका, पण भावाचा बीपी आधी झोपून आणि मग उभं राहून दोन-तीन मिनिटांनी, असा दोनदा मोजून घ्या. उभ्यानं वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर गोळी देणाऱ्या डॉक्टरला ते दाखवा. उन्हाळ्यापुरता डोस किंवा गोळी बदलणं हे नेहमीचं काम आहे, त्यात वेगळं काही नाही.

तर भावानं काय करावं. शेतातून आल्यावर आधी पाणी आणि जेवण, बाटली त्यानंतर. हा क्रम एवढा पाळला तरी अर्धी घाई कमी होते, कारण बरेचदा पहिला ग्लास तहानेपोटी जातो. भाजी-भाकर, वरण, मीठ घातलेलं ताक. मग पिणारच असतील तर पाणी घालून, हळू, आणि जितकी पिणार त्याच्या किमान तिप्पट पाणी सोबत. तेवढं साध्या गणितातही बसतं. झोपताना उशाशी तांब्या. सकाळी गोळीच्या आधी दोन ग्लास पाणी आणि काहीतरी पोटात, शिळी भाकर आणि ताक असलं तरी चालेल. शेतात दर वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. घामाच्या दिवशी दुपारपर्यंत एक लिटर ओआरएस, म्हणजे आपली जलसंजीवनी, आरोग्य केंद्रात पाकीट फुकट मिळतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, लिंबू चवीपुरतं. बीपी आहे म्हणून घाबरू नका, पण घरी सावलीत बसले असतील त्या दिवशी हे पिऊ नये. दुकानात फळाच्या चवीचे खोके मिळतात, ते साखरेचं पाणी असतं, ते यात मोजू नका. पायावर, पोटावर सूज असेल किंवा कावीळ झालेली असेल, तर हे सगळं बदलतं. तेव्हा पाणी आणि मीठ किती घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील, मी इथून ठरवू शकत नाही.

आणि रागाच्या भरात घरच्यांनी एका दिवसात बाटली बंद करू नका. वर्षानुवर्षं रोज क्वार्टर घेणाऱ्यानं अचानक थांबवली तर काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहीजण घामाघूम होऊन बरळतात, ताप येतो, भिंतीवर माणसं दिसतात. मे महिन्यात हे पाहणाऱ्याला ऊन लागल्यासारखंच वाटतं. सोडायची असेल तर जरूर सोडावी, पण डॉक्टरच्या नजरेखाली. त्यासाठी औषधं आहेत, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ती मिळतात.

बियर घ्यायची की देशी, याचं माझं उत्तर असं : दोन्हींत अल्कोहोल सारखंच मोजा. एक क्वार्टर म्हणजे स्ट्राँग बियरची दीड बाटली. भाऊ उन्हाळ्यापुरते एका साध्या बाटलीवर थांबत असतील तर मी अडवणार नाही, अल्कोहोल निम्म्यापेक्षा कमी होतं. पण बियर ‘थंड’ म्हणून तीन बाटल्या होणार असतील तर क्वार्टरच बरी म्हणायची वेळ येईल.

मला पुढं सांगता येईल, पण तीन गोष्टी कळवा. बीपीच्या गोळीच्या पाकिटावरचं पूर्ण नाव, त्यात जोडगोळी असेल तर दोन्ही नावं. चक्कर कितीच्या सुमारास आली आणि त्याआधी काय खाल्लं होतं. आणि चक्कर येताना छातीत दाब, धडधड किंवा हात-तोंड वाकडं होणं असं काही झालं होतं का. यातलं शेवटचं होतं असं निघालं तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, आजच त्यांना घेऊन निघा आणि ईसीजी काढून घ्या.